मुक्त स्रोत आज्ञावली आणि वापरसुलभता : जीनोम प्रकल्पाचा ऐतिहासिक आढावा (१९९७ ते २०११)

प्रस्तावना :
रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये जीएनयू प्रकल्पाची घोषणा केली, तर लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिनक्स कर्नल प्रसिद्ध केले. या चळवळीचा इतिहास सामान्यतः आज्ञावलीकारांचा इतिहास म्हणून मांडला जातो. मात्र स्वतः संहिता न लिहिता वापरकर्त्याच्या सोयीचा विचार करणारे अभिकल्पकही पुढे या चळवळीत आले. त्यांना तेथे स्थान कसे मिळाले व त्या स्थानाच्या मर्यादा कोणत्या, याचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

पार्श्वभूमी :
चांगली आज्ञावली ही आज्ञावलीकाराच्या स्वतःच्या गरजेतून जन्माला येते, असे प्रतिपादन एरिक रेमंड यांनी १९९७ मध्ये केले. सर्व्हर किंवा कंपायलर यांच्या बाबतीत ते बरेचसे खरे होते. कारण तेथे निर्माता व वापरकर्ता एकाच वर्गातील होते. कार्यालयातील लिपिकासाठी पडदा तयार करताना मात्र ही एकरूपता उरत नाही. शिवाय या चळवळीत प्रतिष्ठा मिळत असे ती प्रत्यक्ष संहितेतील योगदानाने. ‘वापरकर्त्याला ही यादी सापडत नाही’ हे निरीक्षण कितीही मोलाचे असले, तरी ते संहितेत थेट समाविष्ट करता येत नव्हते. डेव्हिड निकोल्स व मायकेल ट्विडेल यांनी २००३ मधील आपल्या शोधनिबंधात या प्रश्नाची पद्धतशीर चर्चा केली.

अभिकल्पकांचा प्रवेश :
जीनोम प्रकल्प १९९७ मध्ये सुरू झाला. सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने आपल्या सोलारिस प्रणालीसाठी जीनोम स्वीकारण्याचे ठरविले आणि २००१ मध्ये तिच्या तज्ज्ञांनी प्रत्यक्ष वापरकर्त्यांसह त्याची चाचणी घेतली. म्हणजेच अभिकल्पकांचा हा प्रवेश केवळ स्वयंसेवेतून नव्हे, तर वेतनाच्या आधाराने झाला, ही बाब लक्षणीय आहे. २००२ मध्ये जीनोम २.० आणि त्यापाठोपाठ मानवी संवादपटलाची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध झाली. ‘होय’ किंवा ‘ठीक’ यांऐवजी कळीवर ‘जतन करा’ असे क्रियादर्शक शब्द असावेत, अशा सूचना त्यांत होत्या. अभिकल्पकाचे मत येथे प्रथमच लिखित नियमाच्या रूपात आले. वादाच्या वेळी आज्ञावलीकारालाही त्या नियमाचा आधार घ्यावा लागू लागला. याच दशकात ओपनयुझॅबिलिटी या उपक्रमाने विद्यार्थी अभिकल्पकांना मुक्त स्रोत प्रकल्पांशी जोडून दिले.

संघर्ष :
प्रत्येक नव्या पर्यायाची किंमत मोजावी लागते, असे हॅवॉक पेनिंग्टन यांनी २००२ मध्ये प्रतिपादन केले. त्यानुसार जीनोममधील अनेक पर्याय कमी करण्यात आले. अनुभवी वापरकर्त्यांना हे रुचले नाही. स्वतः टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये जीनोमवर कठोर टीका करून केडीई वापरण्याचा सल्ला दिला. याउलट २००४ मध्ये रेमंड यांनीच मुद्रक जोडण्याच्या क्लिष्ट पद्धतीवर लेख लिहून आज्ञावलीकारांच्या बेफिकिरीवर बोट ठेवले होते. स्वतःच्या गरजेचा सिद्धान्त मांडणाऱ्यालाच त्या सिद्धान्ताची उणीव अनुभवावी लागली, असे यावरून म्हणता येईल. एप्रिल २०११ मध्ये जीनोम ३ ने पडद्याची रचना मुळापासून बदलली, तेव्हा असंतुष्टांनी जीनोम २ च्या संहितेतून माटे हा स्वतंत्र प्रकल्प उभा केला.

निष्कर्ष :
मुक्त स्रोत चळवळीत अभिकल्पकाचा अधिकार हा आदेशाचा नसून संमतीचा आहे. खासगी कंपनीत त्याचा निर्णय वापरकर्त्यावर लादता येतो. येथे परवानाच असहमत व्यक्तीस वेगळी वाट देतो. मात्र ही वाट संहिता जाणणाऱ्यालाच प्रत्यक्षात खुली असते. ज्याला संहिता येत नाही, त्या सामान्य वापरकर्त्याची बाजू मांडणारा प्रतिनिधी अभिकल्पकच ठरतो. म्हणून वापरसुलभता हा केवळ सजावटीचा विषय नसून, आज्ञावलीचे स्वातंत्र्य कोणाच्या हाती पोहोचते, या प्रश्नाशी निगडित आहे.