मागं बघायचं कुणी?

गळिताच्या दिवसांत कुरुंदवाडच्या रस्त्यानं जाणाऱ्या उसाच्या ट्रकला केबिनच्या मधोमध आरसा असला काय आणि नसला काय, सारखंच. केबिनला मागं खिडकी असली तर त्यात ऊस दिसतो, नसली तर पत्रा. तरी तो आरसा असतो. त्याला गोंडे असतात, देवाच्या तसबिरीवरून उतरलेला हार असतो आणि काट्यावर नंबर लागेपर्यंत ड्रायव्हर त्यात बघून भांग पाडतो. त्यामुळं जुन्या ट्रकला नवा आरसा बसवायचा म्हटलं, की आपल्याकडं विषय निघतो तो दाराबाहेर दांडीवर लटकणाऱ्या आरशाचा. मोटारकारवाल्यांचं कौतुक वेगळं. त्यांचा आतला आरसा मागच्या दिव्यांची तिरीप आली की आपोआप काळवंडतो. गेन्टेक्स या अमेरिकन कंपनीनं 1987 साली विजेवर गडद होणारा असा आरसा बाजारात आणला. त्याच्या पाठीपोटाला दोन डोळे असतात, एक पुढचा उजेड मोजतो, दुसरा मागचा. उसाच्या गाडीत मागच्या डोळ्याला कायमची अमावास्या.

कृष्णा-पंचगंगेच्या संगमाजवळचं हे गाव पटवर्धनांच्या संस्थानाचं. 1948 साली संस्थान विलीन झालं आणि पुढं आसमंतात ऊस आणि कारखाने वाढले. शिरोळचा दत्त, टाकळीवाडीचा गुरुदत्त, इचलकरंजीजवळचा पंचगंगा. ऊस तोडला की रस उतरायच्या आत गव्हाणीत पडला पाहिजे, म्हणून हंगामात चाकं थांबत नाहीत. लांब पल्ल्याची ओझी वाहून दमलेल्या बऱ्याच गाड्या इथं उतारवयातली वर्षं काढतात. फडापासून अड्ड्यापर्यंतची खेप त्यांना झेपते. इंजिनं बांधून घेतली जातात, पाटे बदलले जातात, हौद्याला नवा पत्रा लागतो. आरशाकडं मात्र सगळ्यात शेवटी लक्ष जातं, आणि त्याचं कारण त्याच्या जन्मातच आहे.

बैलगाडीला आरसा नव्हता. वेग इतका कमी, की मान वळवली तरी काही बिघडत नसे. मोटारीला तो चिकटला तेव्हा सुरुवातीला हातातच होता. डोरोथी लेव्हिट या इंग्रज बाईनं 1909 साली स्त्रियांसाठी मोटार चालवण्यावर पुस्तक लिहिलं, त्यात तिनं हाती एक छोटा आरसा ठेवायला सांगितलं आहे. अधूनमधून तो वर धरून मागचं बघावं म्हणून. पुढचा किस्सा जास्त गाजला. 30 मे 1911 रोजी इंडियानापोलिसला पाचशे मैलांची पहिली शर्यत झाली. बाकीच्या गाड्यांत ड्रायव्हरशेजारी एक मेकॅनिक बसला होता. तेलाचा पंप बघणं आणि मागून कोण येतंय ते सांगणं ही त्याची कामं. रे हॅरूनच्या मार्मन गाडीत एकच आसन होतं. हा माणूस एकटा आला तर मागचं बघणार कोण, अशी इतरांनी तक्रार केली. हॅरूननं मग पुढच्या बाजूला उभ्या दांड्यांवर एक आडवा आरसा बसवला. 1904 साली शिकागोत एका घोडागाडीवर असा आरसा पाहिल्याचं तो सांगे. ताशी साधारण 120 किलोमीटरच्या सरासरीनं तो शर्यत जिंकला आणि मोटारीवरच्या आरशाचं नाव झालं. गंमत पुढं आहे. विटांच्या त्या धावपट्टीवर आरसा इतका थरथरत होता, की त्यात आपल्याला काहीच दिसलं नाही, असं त्यानंच नंतर सांगून टाकलं.

म्हणजे पहिल्या नामांकित आरशानं दोन गोष्टी एकदमच दाखवल्या. तो एका माणसाची जागा घ्यायला आला होता, आणि त्याचा रोग दांडीत होता. शंभरावर वर्षं होऊन गेली, जुन्या ट्रकचं दुखणं याहून वेगळं नाही. एल्मर बर्गर या अमेरिकनानं 1921 साली पेटंट घेऊन मागचे पोलीस हेरायचं साधन म्हणून आरसा विकला, हे जाता जाता. आपल्याकडचे ड्रायव्हरही त्याला नावं ठेवणार नाहीत.

आपल्याकडं माणूस काढून टाकायची घाई कुणालाच नव्हती. 1928 साली जनरल मोटर्सनं मुंबईत शिवडीला गाड्यांची जुळणी सुरू केली. स्वातंत्र्याच्या सुमारास वालचंद हिराचंदांच्या प्रीमियरनं कुर्ल्यात डॉज आणि फार्गो उभ्या केल्या. ऑक्टोबर 1954 मध्ये जमशेदपूरला टेल्कोची पहिली टाटा-मर्सिडीज-बेंझ बाहेर पडली. यांतला ट्रक पुष्कळदा पुरा ट्रक नसायचाच. चासी, इंजिन, पुढचं तोंड आणि स्टिअरिंग एवढंच घेऊन ड्रायव्हर वारा खात बॉडीवाल्याकडं यायचा. केबिन, हौदा, फाळका हे सगळं सुताराच्या आणि वेल्डरच्या हातचं. आरसाही त्यातलाच. एक वाकवलेली नळी, तिला सपाट काचेचा तुकडा, तोही बहुतेक उजव्या अंगाला. डाव्या अंगाला क्लिनर होता.

या क्लिनरला ट्रकच्या इतिहासात कुणी जागा देत नाही. चाक बदलणं, रस्सी आवळणं, काच पुसणं ही कामं नावात दिसतात. खरं काम डाव्या खिडकीतून धड बाहेर काढून मागचं बघणं हे होतं. दारावर थाप मारून तो थांबवायचा. रिव्हर्सला खाली उतरून "येऊ दे, येऊ दे, येऊ दे... बास!" अशी हाळी द्यायचा. हॅरूनच्या प्रतिस्पर्ध्यांच्या शेजारी बसणारा मेकॅनिक तो हाच. 1 जून 1948 ला पुणे-नगर रस्त्यावर एसटी सुरू झाली, तिथंही मागचा डोळा कंडक्टरचा. एक घंटी थांब, दोन घंट्या चल. ट्रकच्या फाळक्यावर रंगवलेलं 'हॉर्न ओके प्लीज' याच कुळातलं आहे, असं मला वाटतं. आपल्याला दिसत नाही, तेव्हा मागच्यानं आवाज द्यावा अशी ती उघड कबुली. 2015 च्या एप्रिलमध्ये महाराष्ट्राच्या परिवहन खात्यानं त्या अक्षरांवर बंदी घातली, कारण विनाकारण हॉर्न वाजवायला ती चिथावणी ठरत होती. अक्षरं गेली, तेव्हा बघायचं काम आरशानं पुरं करायला हवं होतं. उसाच्या ट्रॅक्टरवर तर मोठ्यानं गाणी लावलेली असतात. मागच्यानं हॉर्न दिला तरी तो कुठं पोचणार?

आता कितीतरी गाड्यांवर क्लिनर नसतो. पगार परवडत नाही, पोरं टिकत नाहीत. त्यामुळं डावी बाजू आंधळी झाली, आणि आपल्या रस्त्यावर सायकली, दुचाक्या, शाळेची पोरं, म्हशी हे सगळं त्याच बाजूला असतं. युरोपात ही बाजू उजवी, पण भोग तोच. वळणाऱ्या ट्रकच्या कुशीत सायकलवाले सापडायचे. तिथं नव्या गाड्यांना जादा आरसे सक्तीचे झाले, तरी रस्त्यावर आधीच धावणाऱ्या लाखो गाड्या तशाच राहिल्या. म्हणून 2007 च्या जुलैमध्ये युरोपीय संघानं खास जुन्या ट्रकांसाठी कायदा केला. 1 जानेवारी 2000 पासून नोंदलेल्या साडेतीन टनांवरच्या गाड्यांना 31 मार्च 2009 पर्यंत क्लिनरच्या बाजूचे नवे आरसे बसवून घ्यायचे. त्याहून जुन्यांना सोडून दिलं. आपल्याकडं 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत आरसा आहे, आरसा कसा असावा आणि कुठं बसावा याचे एआयएस-001 आणि 002 हे दर्जेही आहेत. पण जुन्या गाडीनं नव्या आरशापर्यंत यायचं ते मालकाच्या मर्जीनं.

मर्जी झाली की काम गल्लीतल्या गॅरेजमध्ये होतं, आणि तिथं दांडी पुन्हा आडवी येते. उसाच्या मोळ्या हौद्याच्या बाहेर लोंबतात. केबिनला चिकटून आरसा बसवला तर त्यात वाढ्याचे शेंडे तेवढे दिसणार. तो बाहेर काढायला दांडी लांब हवी. कायद्याची याला हरकत नाही. गाडीची कमाल रुंदी 2.6 मीटर धरली आहे आणि ती मोजताना आरसा धरत नाहीत. हरकत निसर्गाची आहे. नवा आरसा जुन्या काचेपेक्षा जड असतो. प्लॅस्टिकची ढाल, आत दोन काचा, कधी मोटर, कधी तापणारी तार. दांडी जेवढी लांब आणि टोकाला वजन जेवढं जास्त, तेवढी ती सावकाश झुलते. सहा सिलिंडरचं डिझेल इंजिन मिनिटाला 600 फेऱ्यांवर गुरगुरत असेल, तर सेकंदाला 30 ठोके पडतात. दांडीचं झुलणं त्या ठोक्यांशी जुळलं की आरशातला मागचा ट्रक विरघळतो. पळताना बरं दिसतं, अड्ड्यावर रेंगाळताना काहीच नाही. आणि दुचाक्या कुशीत शिरतात त्या गाडी रेंगाळतानाच.

यावर इलाज शहाणपणाचे आणि स्वस्त आहेत. नळी जाड घ्यायची. एकाच जागी न कसता वर आणि खाली अशा दोन ठिकाणी आधार द्यायचा. शक्यतो आरसा दारावर बसवायचाच नाही. जुन्या गाडीच्या दाराची बिजागरी खिळखिळी असते, दार आपटलं की घातलेला कोन गेला. केबिनच्या पुढच्या खांबाला आतून लोखंडी पट्टी देऊन बोल्ट कसले तर आरसा जागेवर राहतो. लाकडी केबिन असेल तर ती पट्टी हवीच, नाहीतर पावसाळ्यात लाकूड फुगून भोकं सैल होतात. रबरी वायसर घालून थरथर मरेल ही समजूत बऱ्याचदा उलटी पडते. रबरानं बूड आणखी मऊ होतं.

काचेचा प्रश्न याहून नाजूक. पिढ्यान्‌पिढ्या सपाट काचेत बघून बसलेल्या नजरेला बहिर्गोल आरसा फसवतो. त्यात रस्ता जास्त मावतो, पण गाडी लहान दिसते, आणि लहान म्हणजे लांब असा हिशेब ड्रायव्हरच्या अंगात भिनलेला असतो. आंतरराष्ट्रीय नियमांत मुख्य आरशाच्या वक्रतेची त्रिज्या किमान 1200 मिलिमीटर ठेवतात, ती यासाठीच. चाकाजवळचं दाखवणाऱ्या रुंद आरशाला 300 चालते, कारण तिथं अंतराचा अंदाज नको, माणूस आहे की नाही एवढंच कळायला हवं. डावीकडं दोन्ही काचा असलेला जोड आरसा घ्यावा, उजवीकडं जमेल तितका सपाट ठेवावा, असं माझं मत. तापणाऱ्या तारेला लोक चैन म्हणतात. डिसेंबरातल्या पहाटे नदीकाठच्या रस्त्यावर दव पडतं तेव्हा ती चैन वाटत नाही. फक्त गाडी 12 व्होल्टची की 24ची हे आधी बघावं. 12ची तार 24ला जोडली तर चौपट तापते.

ज्या घराण्याची गाडी 1954 मध्ये जमशेदपूरला आली, त्याच मर्सिडीज-बेंझनं 2018 साली ॲक्ट्रोस ट्रकचे मुख्य आरसे काढून तिथं कॅमेरे लावले. चित्र केबिनच्या आतल्या खांबांवर दिसतं. काच गेली, पण कॅमेऱ्याला धरायला दांडी लागलीच, आणि पुढच्या आवृत्तीत ती 10 सेंटिमीटरनं आखूड करावी लागली.

स्वस्तातला रिव्हर्स कॅमेरा आता आपल्या बाजारातही मिळतो आणि जुन्या ट्रकला बसतो. उसाच्या गाडीला तो फाळक्यावर लावला तर पहिल्याच खेपेला वाढ्याखाली जातो. खाली नंबरप्लेटपाशी लावला तर फडातून बाहेर पडेपर्यंत चिखलानं लिंपला जातो. मग ड्रायव्हरला गाडी थांबवून, मागं जाऊन तो फडक्यानं पुसावा लागतो.