रेडिओ सिलोनवरची परीक्षा

रेडिओ सिलोन म्हटले की आपल्या घरांतून आठवते ती अमीन सयानींची बिनाका गीतमाला. ती सुरू झाली डिसेंबर १९५२ मध्ये. शास्त्रीय संगीताच्या कैवारापोटी नभोवाणीमंत्री बाळकृष्ण विश्वनाथ केसकर यांनी आकाशवाणीवर चित्रपटगीतांना लगाम घातला आणि ती कोलंबोच्या आश्रयाला गेली. मात्र त्याच साली, त्याच केंद्रावर खुद्द सिंहली गाण्याच्या कुळशीलाचा वाद पेटला होता. त्यातही एक मराठी माणूस होता, हे आपल्याकडे फारसे कुणाला ठाऊक नाही.

सिंहली रंगभूमीचे गाणे वाढले ते मुंबईच्या पारशी नाटक कंपन्यांच्या चालींवर. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांच्या दौऱ्यांतून तिथे 'नूर्ति' हे संगीत नाटक रुजले. पुढे तबकड्यांवरही उसन्या हिंदी चालींत सिंहली शब्द बसवले जाऊ लागले. या उसनवारीचा ज्यांना वीट आला, त्यांना बळ दिले मुनिदास कुमारतुंग यांनी. संस्कृत शब्द वगळून निर्भेळ सिंहली लिहावी, या आग्रहातून त्यांनी १९४१ मध्ये 'हेळ हवुल' ही संस्था काढली.

या विचारांनी भारलेले गायक सुनील शांत (१९१५–८१) शांतिनिकेतन आणि लखनौ येथे रीतसर हिंदुस्थानी संगीत शिकून आले होते. पण परतल्यावर त्यांनी रागदारीचा डौल बाजूला ठेवला आणि सिंहली शब्दांच्या वळणाने जाणारी साधी, सोपी गाणी रचली. ती घरोघरी पोचली.

१९५२ मध्ये रेडिओ सिलोनने गायकांची पारख करण्यासाठी लखनौहून पाचारण केले ते पंडित श्रीकृष्ण नारायण रातंजनकर यांना. भातखंड्यांचे हे पट्टशिष्य, सुनील शांत ज्या विद्यालयात शिकले तिथलेच प्राचार्य! सिंहली गाण्याला हिंदुस्थानी माप लावणे शांतांना मान्य नव्हते. ते परीक्षेला बसलेच नाहीत. रेडिओचे दार बंद झाले आणि ऐन उमेदीत पोटापाण्याचे साधन गेले.

त्याच परीक्षेतून अमरदेव मात्र पुढे आले. तेही लखनौला शिकले, पण राग आणि खेड्यातले लोकगीत यांचा त्यांनी सांधा जुळवला. कवी महागम सेकर यांच्या शब्दांना त्यांनी दिलेला सूर आजही सिंहली मनात घर करून आहे.

मग खरे कोण? सिंहली रसिकांनी दोघांनाही आपले मानले. १९५६ च्या 'रेकाव' या गाजलेल्या चित्रपटाला संगीत दिले ते सुनील शांतांनीच. दोन भाषांच्या शेजारात नांदणाऱ्या आपल्याला एवढे तरी उमगावे, की शेजारच्या घरचे सूर घ्यायला हरकत नसते. आपल्या गाण्याची प्रत मात्र शेजाऱ्याच्या तराजूवर ठरू लागली, की एखादा सुनील शांत गप्प बसवला जातो.