फ्रीगंजमधला 'फ्री'

उज्जैनला गेलेला आपला गोवेकर महाकालाचे दर्शन घेतो, गोपाळ मंदिर पाहतो, शिप्रेला हात जोडतो आणि परततो. रुळांपलीकडचा फ्रीगंजचा बाजार मुद्दाम पाहायला कोणी जात नाही. माझा मात्र जीव त्या नावावर जडला आहे. अर्धे इंग्रजी, अर्धे फारशी, आणि वसलेले शिंद्यांच्या राज्यात!

हे शहर आपल्याला परके नाही. अठराव्या शतकात महाकालाच्या मंदिराचा जीर्णोद्धार झाला, तो राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखठणकर या सारस्वत गृहस्थाने केला. १८१० साली दौलतरावांनी ग्वाल्हेरला बस्तान हलवले, तरी उज्जैन शिंद्यांकडेच राहिले. फ्रीगंजच्या परिसराला माधवनगर असेही म्हणतात.

आता नाव उकलू. 'गंज' म्हणजे फारशीत खजिना, कोठार. त्यावरून धान्याची पेठ. १८८६ च्या 'हॉब्सन-जॉब्सन' कोशातही तो सापडतो. आणि 'फ्री'? जकात माफ असलेली पेठ, असा अर्थ तिकडे सांगतात. म्हणजे इथे 'फ्री' म्हणजे फुकट नव्हे. माल विकतच घ्यायचा, फक्त सरकारचा हात मध्ये नाही. नाक्यावरून 'फ्रीगंज' म्हणत जाणाऱ्या किती जणांना हा फरक जाणवत असेल?

इंग्रजी शब्द शिकण्याची आपली रीतच इथे आड येते. आपल्याकडे पिढ्यान्पिढ्या इंग्रजी शिकली ती द्वारकानाथ राघोबा तर्खडकरांच्या 'भाषांतर पाठमाले'वर. पुस्तक उत्तम, वादच नाही. पण त्याच्या नावाखाली जे पाठांतर चालले, त्यात डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे एक मराठी शब्द, की काम झाले. 'फ्री' म्हणजे मोकळा, घोका! मग 'शुगर फ्री' बिस्किटाच्या पुड्यासमोर मुलगा अडतो, कारण तिथे साखर मोकळी नाही, फुकट तर मुळीच नाही, ती नाहीच.

पोर्तुगीज शाळेत शिकलेल्या आमच्या वडीलधाऱ्यांची इथे थोडी सोय होती. त्या भाषेत बंधनाविना असलेला तो 'लिव्र' आणि पैसे न लागणारे ते 'ग्रातिश'. दोन वेगळी घरे. मराठीत तर याहून बारीक वाटण्या आहेत: मुक्त, मोकळा, माफ, मोफत, फुकट. इंग्रजांनी या साऱ्यांना एकाच खोलीत कोंबले. त्यामुळे मेजर कॅंडीच्या १८४७ च्या इंग्रजी-मराठी कोशासारखा जाडजूड ग्रंथ उघडला, की एका इंग्रजी शब्दापुढे मराठी शब्दांची रांग दिसते. आमची मुले त्यातला पहिला उचलतात आणि कोश मिटतात. माझे म्हणणे एवढेच, की शब्द व्याख्येने शिकावा: 'जे नको आहे, जे अडवते, ते नसलेला'. या एका वाक्यात जकात, साखर, पैसे, बेड्या सगळे बसते.

आणखी गंमत पाहा. 'फ्री'चे मूळ खणत गेले की आपल्याच अंगणात पोहोचतो. जर्मानिक भाषांत त्याचा जुना अर्थ होता 'आवडता'. घरातली प्रिय माणसे एकीकडे, गुलाम दुसरीकडे. म्हणून जो प्रिय तो स्वतंत्र. 'फ्रेंड' त्याच मुळाचा. आणि संस्कृतातला 'प्रिय' हा या शब्दाचा सख्खा भाऊ! तर्खडकर घोकताना हे कोणी सांगितले असते, तर तो शब्द मी जन्मात विसरलो नसतो.

'जकात'चीही अशीच कथा. मूळ अरबी अर्थ धर्मासाठी द्यायचे दान, आणि मराठीत येईतो ती नाक्यावरची वसुली झाली.

आता नाक्यावरचे ते करही २०१७ च्या जीएसटीत विरले. 'फ्री' मात्र दुकानांच्या पाट्यांवर 'एकावर एक फ्री' म्हणून उरला आहे, म्हापशातही आणि फ्रीगंजमध्येही. तो 'मोफत'ला गिळत चालला आहे, आणि मला खरी काळजी त्याची आहे. इंग्रजी शब्द अर्धवट शिकला तर एक वेळ चालेल, पण त्याच्या नादात मराठीचे पाच शब्द हातचे जातात, ते कुठल्या क्लासात परत मिळायचे?