ऐकल्याचा पंचनामा

शॉर्टवेव्हवर दूरदेशीचे केंद्र ऐकायचे, ऐकलेले टिपून घ्यायचे आणि त्याचा टंकलिखित अहवाल पोस्टाने त्याच केंद्राला पाठवायचा, या छंदातली एक विचित्र गोष्ट सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. केंद्राने काय प्रसारित केले, ते केंद्रालाच सांगायचे असते. १४ वाजून ३२ मिनिटांनी, म्हणजे १४३२ ला, घंटा वाजली, १४३३ ला निवेदिकेने केंद्राचे नाव घेतले, १४३५ ला बातम्या सुरू झाल्या, पहिली बातमी अमुक देशाच्या पंतप्रधानांची, मग बासरी. वीस-पंचवीस मिनिटांचा असा तपशील नसेल तर अहवाल कच्चा ठरतो. ज्यांनी कार्यक्रम केला त्यांनाच तो पुन्हा ऐकवण्यात काय हशील? सिग्नल किती जोरात येतो, खरखर किती, शेजारच्या केंद्राची लुडबुड किती, एवढे कळले तरी अभियंत्याचे काम भागते. मग हा तपशील अहवालात शिरला कुठून? हा एक प्रश्न धरून मागे गेले, की या छंदाची जी कुळकथा सगळे सांगतात ती डळमळू लागते.

ती कथा अशी. हौशी बिनतारी चालक, म्हणजे हॅम, एकमेकांशी संपर्क झाला की पोचपावतीचे कार्ड पाठवत. त्याला क्यूएसएल कार्ड म्हणत. पुढे नभोवाणी आली, श्रोत्यांनी तीच रीत उचलली आणि केंद्रे त्यांनाही कार्डे पाठवू लागली. या कार्डाचा पहिला मान कोणाचा, यावर जुना वाद आहे. १९१६ साली न्यूयॉर्क राज्यातल्या बफलोच्या ८व्हीएक्स केंद्राने फिलाडेल्फियाच्या ३टीक्यूला धाडलेले कार्ड सर्वांत जुने मानतात. ठरावीक रकान्यांचे कार्ड १९१९ मध्ये ओहायोतल्या अ‍ॅक्रनच्या हॉफमन यांनी बेतले असे काहीजण म्हणतात. युरोपातला मान १९२२ साली लंडनजवळच्या हार्ल्सडेनच्या बिल कॉरशॅम यांच्याकडे जातो. वाद रंगतदार असला, तरी आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने तो चुकीच्या घराण्याचा वाद आहे. बफलो आणि फिलाडेल्फिया एकमेकांशी बोलले होते. दोघांनाही संपर्क झाल्याचे ठाऊक होते. अशा ठिकाणी कार्ड ही निव्वळ पावती असते, पुराव्याची गरजच नसते. शॉर्टवेव्हचा श्रोता मात्र एकतर्फी ऐकतो. हजारो मैलांवर कोणी आपल्याला ऐकले, हे केंद्राला कळायला मार्ग नसतो आणि ऐकले म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवायला आधार नसतो. त्याला जे द्यावे लागते ती साक्ष. आपल्याकडच्या पंचनाम्याशी तिचे नाते जवळचे आहे: ठिकाण, दिनांक, वेळ, काय आढळले आणि खाली सही. माझे म्हणणे असे की रिसेप्शन रिपोर्टचा, म्हणजे श्रोत्याच्या या अहवालाचा, जन्म हौशी मंडळींच्या सौजन्यातून झालेला नाही, तो एका शंकेतून झाला. आणि ती शंका मार्कोनीवर घेतलेली होती.

१२ डिसेंबर १९०१ रोजी न्यूफाउंडलंडमधल्या सिग्नल हिलवर, पतंगाने उंच नेलेल्या तारेच्या आधारे, मार्कोनीने इंग्लंडमधल्या पोल्डूहून आलेले मोर्सचे तीन ठिपके, म्हणजे एस हे अक्षर, ऐकल्याचे जाहीर केले. ऐकणारे दोघेच, मार्कोनी आणि त्यांचे सहायक केम्प. ऐकले तेही कानाला लावलेल्या टेलिफोनच्या श्रवणीतून. कागदाच्या पट्टीवर काहीच उमटले नव्हते. शिवाय काय येणार हे आधीच ठरलेले. तीन ठिपके ऐकायला बसलेल्या माणसाला वातावरणाच्या कडकडाटातही तीन ठिपके ऐकू येऊ शकतात. त्या काळच्या अनेक जाणकारांना ही गोष्ट खटकली. ऐकण्याची वेळ भरदुपारची होती आणि दिवसा संदेश लांब पोचत नाहीत, म्हणून आजचे अभियंतेही या दाव्यावर वाद घालतात. मार्कोनीने शंकेला उत्तर दिले ते युक्तिवादाने नाही. १९०२ च्या फेब्रुवारीत ते फिलाडेल्फिया नावाच्या जहाजावर उपकरणे घेऊन चढले. पोल्डूहून ठरलेल्या वेळी संदेश सुटत होते, जहाज पश्चिमेकडे सरकत होते आणि येणारे संदेश कागदी पट्टीवर उमटत होते. कॅप्टन मिल्स यांनी त्या नोंदीवर अक्षांश, रेखांश आणि पोल्डूपासूनचे अंतर, २,०९९ मैल, लिहून सही केली. १,५५० मैलांपर्यंत अख्खे संदेश पट्टीवर मिळाले, त्यापुढे नुसते चाचणीचे अक्षर.

या कागदाकडे जरा थांबून पाहायला हवे. स्थळ आहे, वेळ आहे, अंतर आहे, काय मिळाले ते आहे, आणि ज्याचा त्यात स्वार्थ नाही अशा माणसाची सही आहे. रिसेप्शन रिपोर्टचे सगळे अवयव इथे एकत्र दिसतात. आणखी एक गोष्ट त्याच फेरीत घडली. दिवसा सुमारे ७०० मैलांपुढे काहीच मिळेना आणि रात्री मात्र दुपटीहून लांबचे येई, हे नोंदींवरून स्पष्ट झाले. शंका फेडण्यासाठी केलेल्या नोंदीतून निसर्गाचा एक नियम हाती लागला. अहवालात वेळेच्या रकान्याला पुढे जे महत्त्व आले, त्याचे मूळ मी इथे मानतो. वेळ नसलेली नोंद ना पुरावा म्हणून उपयोगी, ना शास्त्र म्हणून.

यावर सरळ आक्षेप येईल की १९०२ चे जहाज आणि १९२० च्या दशकातला घरबसल्या श्रोता यांत अंतर मोठे आहे. मधला दुवा कुठे? दुवा आहे, आणि तो चांगला भक्कम आहे. १९१२ च्या अमेरिकी कायद्याने हौशी मंडळींना २०० मीटरच्या खाली ढकलले होते. त्या लहरी कुचकामी आहेत अशी तेव्हाची समजूत. त्या लहरींवर अटलांटिक ओलांडता येतो का, हे पाहण्यासाठी १९२१ मध्ये चाचण्या झाल्या. फेब्रुवारीतल्या पहिल्या फेरीत एकाही अहवालाची खात्री पटली नाही. डिसेंबरात अमेरिकन हौशी संघटनेने पॉल गॉडली यांना स्कॉटलंडला पाठवले. आर्ड्रॉसनच्या किनाऱ्यावर, ऐन हिवाळ्यात, तंबू ठोकून ते रात्ररात्र ऐकत बसले आणि कनेटिकटमधले १बीसीजी केंद्र त्यांना मिळाले. इथे दोन गोष्टी माझ्या बाजूने बोलतात. एक, गॉडलींच्या शेजारी मार्कोनी कंपनीचा एक निरीक्षक साक्षीला बसवला होता. जहाजावर कॅप्टनने केले तेच काम. दुसरी अधिक मोलाची. निवडलेल्या केंद्रांना वेळा नेमून दिल्या होत्या आणि गुप्त अक्षरांचे गट दिले होते. ऐकणाऱ्याने ती अक्षरे कळवली तरच दावा खरा. सिग्नल हिलवरची उणीव नेमकी इथे भरून काढलेली दिसते: काय येणार हे ऐकणाऱ्याला आधी ठाऊक नको.

आता नभोवाणी केंद्राचा विचार करा. ते गुप्त अक्षरे पाठवू शकत नाही. ते सगळ्यांसाठीच बोलते. आणि खेड्यातल्या प्रत्येक श्रोत्याशेजारी निरीक्षक बसवणे शक्य नाही. तेव्हा गुप्त अक्षरांची जागा कार्यक्रमानेच घेतली. १४३५ नंतर कोणती धून वाजली, निवेदक कुठे अडखळला, कोणती बातमी आधी आली, हे ऐकल्याशिवाय कळण्याजोगे नाही. केंद्राकडे स्वतःची नोंदवही असतेच. अहवाल तिच्याशी ताडून पाहायचा. सुरुवातीच्या कोड्याचे उत्तर मला तरी हेच दिसते. श्रोता केंद्राला कार्यक्रम सांगत नसतो, तो खुणेचे अक्षर परत करत असतो.

याला बळकटी देणारा पुरावा अनपेक्षित ठिकाणी आहे, तिकीटसंग्राहकांच्या अल्बममध्ये. १९२४ मध्ये शिकागोच्या एक्को कंपनीने रेडिओची तिकिटे काढली. छपाई अमेरिकन बँक नोट कंपनीची, म्हणजे नोटा आणि रोखे छापणाऱ्यांची. तिकिटावर गरुड आणि केंद्राची अक्षरे. श्रोत्याने ऐकलेल्या कार्यक्रमाचा तपशील लिहून, सोबत दहा सेंटचे नाणे घालून केंद्राला कार्ड पाठवायचे. तपशील जुळला तर केंद्राकडून तिकीट यायचे. हे तिकीट आकाराने टपालाचे, पण त्यावर टपाल जात नाही. काम त्याचे शिक्क्याचे. काही अभ्यासक साऱ्या छंदाचा उगमच इथे मानतात. मला ते पटत नाही. चालत असलेल्या रिवाजाला दाम लावणारे व्यापारी नेहमी नंतर येतात. पण पुराव्याशिवाय तिकीट नाही, ही अट सामान्य श्रोत्यांच्या अंगवळणी पाडायला एक्कोने मोठा हातभार लावला, हे मान्य करायलाच हवे.

दुसरा प्रतिस्पर्धी सिद्धांत चाहत्यांच्या पत्रांचा. पिट्सबर्गच्या केडीकेएने २ नोव्हेंबर १९२० च्या निवडणूक-रात्री, आम्हाला कोण ऐकते आहे ते कळवा, असे आवाहन केले होते. पुढे श्रोत्यांनी पसंती कळवण्याची छापील कार्डे निघाली. आपल्याकडे रेडिओ सिलोनच्या काळात फर्माइशींच्या पत्रांचे ढीग पडत. तेही शॉर्टवेव्हच आणि तेही पोस्टच. तरीही फर्माइश करणारा काहीतरी मागतो आणि चाहता पसंती कळवतो. तुम्ही खरेच ऐकलेत का, असे दोघांनाही कोणी विचारत नाही. सुरुवातीच्या केंद्रांनी या पत्रांवरून आपला आवाज कुठवर पोचतो याचे अंदाज बांधले, इतपत दोन्ही घराण्यांची सोयरीक झाली.

हॅम कार्डाच्या बाजूचे लोक एक प्रश्न मला जरूर विचारतील: मग श्रोत्यांना मिळणारे कार्ड हॅमच्या कार्डासारखेच कसे दिसते? पोशाख हॅमचा आहे, यात वाद नाही. पण भाषा पाहा. हॅम मंडळी १९३४ पासून आरएसटी हे माप वापरतात, त्यातला शेवटचा आकडा मोर्सच्या सुराचा. श्रोत्यांच्या अहवालात मात्र सिन्पो हे पाच आकड्यांचे माप असते, आणि ते आले आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या सल्लागार समितीकडून, व्यावसायिक निरीक्षकांसाठी. १९३० च्या दशकातले श्रोते क्यूएसए आणि आर हे हॅमना प्रिय असलेले आकडे लिहीत, हे खरे. पण क्यूएसए ज्यातला तो क्यू-संकेतसुद्धा मुळात जहाजे आणि किनारी केंद्रे यांच्यासाठी बनला. कुठूनही गेले तरी आपण जहाजाशीच येऊन पोचतो. आणि बीबीसी पाहा. तिला अहवाल हवे असत, पण ते खरे असल्याची खातरी देणारे कार्ड ती बहुतेक काळ देत नसे. अहवाल आणि कार्ड एकाच मुळाची असती तर एक घेऊन दुसरे नाकारणे इतके सहज जमले नसते.

पुढचा इतिहास परिचित आहे. १९२७ मध्ये आइंडहोव्हनच्या फिलिप्स केंद्राने डच वसाहतींना आवाज पोचवला, १९३२ च्या डिसेंबरात डॅव्हेंट्रीहून बीबीसीची एम्पायर सर्व्हिस सुरू झाली, १९३८ मध्ये मुंबईचे शॉर्टवेव्ह केंद्र आले. या केंद्रांना अहवालांची खरी गरज होती. शॉर्टवेव्ह आयनांबरावरून परावर्तित होऊन उतरते, आणि ती कुठे, कोणत्या ऋतूत, कोणत्या तासाला उतरेल हे ट्रान्समीटरपाशी बसून कळत नाही. म्हणून अहवालातली वेळ नेमकी हवी, आणि तीही यूटीसीत, म्हणजे सगळ्या जगाला समान असलेल्या वेळेत: पुण्यातून रात्री ८ वाजून २ मिनिटांनी ऐकलेले १४३२ यूटीसी असे लिहायचे, आणि ५ तारखेच्या पहाटे ३ वाजता ऐकलेले ४ तारखेचे २१३० म्हणून. इथे नवखा हटकून चुकतो आणि केंद्राच्या नोंदवहीत त्याचा कार्यक्रम सापडतच नाही. मग सिन्पो: ३५४३३. सिग्नल मध्यम, दुसऱ्या केंद्राचा अडथळा नाही, खरखर किंचित, फेडिंग मध्यम, एकूण मध्यम. सगळीकडे ५५५५५ लिहून खुशामत करणाऱ्याचा अहवाल अभियंत्याच्या काही कामाचा नाही. टाइपरायटरचा आग्रहही साक्षीला धरूनच होता. परक्या भाषेतला हस्ताक्षराचा कागद वाचताना एक आकडा चुकला तरी वेळ आणि फ्रिक्वेन्सी दोन्ही बदलतात. शिवाय कार्बन कागदाखालची प्रत आपल्याजवळ राही आणि उत्तर आले नाही तर तीच पुन्हा धाडता येई.

ही नोंद साक्षच असते, याचा अस्सल दाखला मुंबईत आहे. १९४२ च्या ऑगस्टपासून उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे काँग्रेस रेडिओ हे गुप्त केंद्र ४२.३४ मीटरवर बोलू लागले. जागा बदलत होत्या, ठावठिकाणा लागू दिला जात नव्हता. पोलीस मात्र रोज ऐकत होते आणि शब्द उतरवून घेत होते. १२ नोव्हेंबरला अटका झाल्या, खटला उभा राहिला. त्या प्रसारणांचा मजकूर आज वाचायला मिळतो तो या नोंदींच्या कृपेने. हौशी श्रोता लिहितो तेच रकाने इथे सरकारने भरून घेतले. फरक इतकाच, की ही साक्ष केंद्राकडे न जाता केंद्राविरुद्ध न्यायालयात गेली.

आता टाइपरायटर गेला, अहवाल ईमेलने जातो, सोबत ध्वनिमुद्रण जोडता येते. मुद्रण असल्यावर तपशिलाची गरज संपली, असे काहींना वाटते. पण नेदरलँड्समधल्या ट्वेन्टे विद्यापीठाचा रिसीव्हर इंटरनेटवरून कोणालाही चालवता येतो. पुण्यात बसून तिथला अँटेना वापरला, तर मुद्रण खरे, वेळ खरी, कार्यक्रम खरा, फक्त पुण्यात ऐकू आले हे खोटे. सिग्नल हिलला प्रश्न होता ऐकले का याचा, आता प्रश्न आहे कुठे ऐकले याचा. आणि मिल्स यांच्या अक्षांश-रेखांशाचे काम मुद्रणाला करता येत नाही. म्हणून दूरच्या रिसीव्हरवर ऐकले असेल तर तसे स्पष्ट लिहावे आणि तो रिसीव्हर कोणत्या गावी आहे तेही नोंदवावे, असा दंडक जाणते श्रोते आता पाळतात.