पहिल्या दारावरची परिचारिका : नागपूर, १९२१ ते आज

१/ गावच्या उपकेंद्रात ताप, रक्तदाब किंवा मधुमेह घेऊन आलेल्या रुग्णाला आज पुष्कळदा प्रथम तपासते ती नोंदणीकृत परिचारिका. रुग्णाला इथेच औषध द्यायचे की पुढे पाठवायचे, हे तिने ठरवायचे असते. हा अधिकार तिच्याकडे कसा आला? त्या इतिहासाची एक वाट नागपुरातून जाते.

२/ आधुनिक परिचर्येचे शिक्षण रुग्णालयात जन्मले. १८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांची शाळा सुरू झाली आणि तोच साचा पुढे हिंदुस्थानात आला. वॉर्डातील शिस्त, स्वच्छता, रुग्णाचे निरीक्षण आणि डॉक्टरच्या सूचनांचे अचूक पालन हे त्याचे मुख्य धडे. डॉक्टर हाकेच्या अंतरावर असणार, हे त्यात गृहीतच होते.

३/ १८८५ मध्ये डफरिन फंड स्थापन झाला. हिंदुस्थानातील स्त्रियांना स्त्री डॉक्टर, परिचारिका आणि शिकलेल्या सुईणी मिळाव्यात, हा त्याचा हेतू. मध्य प्रांताची राजधानी असलेल्या नागपुरातही डफरिन रुग्णालय उभे राहिले. आज ते डागा रुग्णालय म्हणून ओळखले जाते.

४/ याच रुग्णालयात एका तरुण विधवेने परिचर्येचे शिक्षण घेतले. तिचे नाव कमलाताई होस्पेट (१८९६–१९८१). लहान वयात वैधव्य आलेल्या स्त्रीने घराबाहेर पडून परक्यांची शुश्रूषा करावी, रक्त आणि विटाळ यांना हात लावावा, हे त्या काळच्या पांढरपेशा समाजाला सहज पचणारे नव्हते.

५/ १९२१ मध्ये कमलाताईंनी वेणूताई नेने यांच्यासह नागपुरात मातृसेवा संघ स्थापन केला. आरंभ एका लहानशा सूतिकागृहापासून झाला. पुढे विदर्भात आणि त्याबाहेरही संघाच्या शाखा निघाल्या. १९६१ मध्ये कमलाताईंना पद्मश्री मिळाली.

६/ इतिहासाच्या दृष्टीने येथे एक बारकावा आहे. बहुतेक बाळंतपणे घरातल्या अंधाऱ्या खोलीत होण्याचा तो काळ. सूतिकागृहातील परिचारिकेपुढे रोजचा प्रश्न असे : बाळंतपण अडले आहे की केवळ लांबले आहे? डॉक्टरला आता बोलवायचे की थांबायचे? नाइटिंगेलच्या साच्यात या प्रश्नाचे उत्तर डॉक्टरने द्यायचे होते. येथे पहिले उत्तर परिचारिकेलाच द्यावे लागे.

७/ त्याच शहरात दुसरी एक व्यवस्था होती. १९१४ मध्ये नागपुरात रॉबर्टसन मेडिकल स्कूल सुरू झाले. तेथून पदवीपेक्षा कमी मुदतीचा अभ्यासक्रम पूर्ण केलेले ‘लायसेन्शिएट’ डॉक्टर बाहेर पडत. दवाखान्यांतून आणि लहान गावांतून सामान्य रुग्णांची पहिली तपासणी करणारे बरेचसे डॉक्टर याच वर्गातले.

८/ १९४३ मध्ये नेमलेल्या भोर समितीचा अहवाल १९४६ मध्ये आला. त्यातील आकडे बोलके आहेत : सुमारे ६,३०० लोकांमागे एक डॉक्टर, तर ४३,००० लोकांमागे एक परिचारिका. समितीने परिचारिकांची संख्या अनेक पटींनी वाढवण्याची आणि सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेतलेल्या परिचारिका तयार करण्याची शिफारस केली.

९/ त्याच अहवालाने लायसेन्शिएट अभ्यासक्रम बंद करून सर्वत्र एकच पदवीधर डॉक्टर असावा, असे सुचवले. काही सदस्यांनी भिन्न मत नोंदवले, पण धोरण ठरले. १९४७ मध्ये नागपुरात पदवीचे वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आणि रॉबर्टसन स्कूलचे पर्व संपले. भारतीय परिचर्या परिषदेचा कायदाही त्याच वर्षीचा.

१०/ डॉक्टरांचा दर्जा यामुळे उंचावला, हे खरे. पण पदवीधर डॉक्टर प्रामुख्याने शहरांत राहिले आणि खेड्यातील पहिले दार रिकामे पडले. ते सांभाळायला सहायक परिचारिका-प्रसाविका, म्हणजे एएनएम, आल्या. १९७३ च्या कर्तारसिंग समितीने त्यांना बहुउद्देशीय कार्यकर्त्या ठरवले. लसीकरण, बाळंतपण, कुटुंब नियोजन अशी कामे वाढत गेली. रोगनिदानाचे शिक्षण मात्र त्या प्रमाणात वाढले नाही. पूर्ण शिक्षण घेतलेली नोंदणीकृत परिचारिका बहुतांशी वॉर्डातच राहिली.

११/ हे चित्र २०१८ मध्ये बदलू लागले. आयुष्मान भारत योजनेत उपकेंद्रांचे आरोग्यवर्धिनी केंद्रांत रूपांतर करण्याचे ठरले आणि तेथे ‘समुदाय आरोग्य अधिकारी’ हे पद आले. त्यासाठी नोंदणीकृत परिचारिकांना सहा महिन्यांचे विशेष प्रशिक्षण देण्यात येऊ लागले. महाराष्ट्रात परिचर्या पदवीधरांबरोबर आयुर्वेद पदवीधरही या पदासाठी घेतले गेले.

१२/ या प्रशिक्षणाचा गाभा वॉर्डाहून वेगळा आहे. वॉर्डात निदान झालेला रुग्ण येतो, उपकेंद्रात केवळ तक्रार येते. साध्या खोकल्यातून क्षयाचा संशय ओळखणे, तक्रार नसतानाही रक्तदाब तपासणे, मधुमेहाच्या रुग्णाचा वर्षानुवर्षे पाठपुरावा करणे आणि योग्य वेळी वरच्या केंद्रात पाठवणे, ही येथील कौशल्ये.

१३/ विरोधही झाला. २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्याच्या कलम ३२ ने मध्यम स्तरावरील आरोग्यसेवकांना मर्यादित परवान्याची तरतूद केली, तेव्हा देशभर डॉक्टरांनी निदर्शने केली. अपुऱ्या शिक्षणावर रुग्णाचा जीव सोपवायचा का, हा त्यांचा सवाल गंभीर होता. लायसेन्शिएटांविषयी १९४६ मध्ये झालेल्या वादाचा गाभाही जवळपास हाच होता.

१४/ पण त्या वादाची दुसरी बाजूही १९४६ पासून कायम आहे. पहिल्या दारावर कोणीतरी असतेच आणि निर्णयही घेतेच. नागपूरच्या सूतिकागृहातील परिचारिका १९२१ पासून तो घेत होत्या. या निर्णयासाठी स्वतंत्र शिक्षण द्यावे आणि त्याला नाव व पद असावे, हे मान्य व्हायला जवळजवळ शतक लोटले.

१५/ म्हणून कमलाताई होस्पेट यांचे नाव केवळ समाजसेविकांच्या यादीत ठेवणे अपुरे ठरते. भारतातील प्राथमिक आरोग्यसेवेच्या इतिहासाचे एक सुरुवातीचे पान त्या लहानशा सूतिकागृहात लिहिले गेले आहे.