प्रोटॉन

विंडोजसाठी लिहिलेले गेम लिनक्सवर चालवणारे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर. 'स्टीम' हे ऑनलाइन गेम-दुकान चालवणाऱ्या व्हॉल्व्ह या अमेरिकी कंपनीने कोडवीव्हर्स या कंपनीच्या साथीने ते विकसित केले आणि ऑगस्ट २०१८मध्ये खुले केले. लिनक्सवरच्या गेमिंगचे भवितव्य आज बरेचसे त्यावर अवलंबून आहे.

व्हॉल्व्हचा आधीचा प्रयत्न फसला होता. येऊ घातलेल्या विंडोज ८मध्ये मायक्रोसॉफ्टचे स्वतःचे ॲप-दुकान, म्हणजे स्टीमचा प्रतिस्पर्धी, असणार होते. २०१२मध्ये व्हॉल्व्हचे प्रमुख गेब न्यूएल यांनी त्या विंडोजवर जाहीर टीका केली. २०१३मध्ये स्टीम लिनक्सवर आले, २०१५मध्ये 'स्टीम मशीन' ही लिनक्सवर चालणारी गेमिंग यंत्रे विक्रीला आली. पण लिनक्ससाठी वेगळी आवृत्ती काढण्याचा खर्च बहुतेक गेम कंपन्यांनी टाळला. गिऱ्हाईक नाही म्हणून गेम नाहीत आणि गेम नाहीत म्हणून गिऱ्हाईक नाही, अशा कोंडीत ती यंत्रे मागे पडली. प्रोटॉनने ही कोंडी फोडली. बहुतेक गेम त्यावर कंपनीने बोटही न लावता चालतात.

प्रोटॉनचा पाया म्हणजे १९९३पासून चालू असलेला 'वाईन' प्रकल्प. गेम विंडोजकडे जे मागतो, ते वाईन लिनक्सच्या पद्धतीने पुरवते. प्रत्येक गेमला स्वतंत्र फोल्डर मिळतो आणि त्यात त्याला आपली नेहमीची सी ड्राइव्ह दिसते. फाइलच्या नावातले अक्षर कॅपिटल की स्मॉल, याने विंडोजला फरक पडत नाही, लिनक्सला पडतो. तेवढ्यावरून गेम अडू नये याचीही काळजी वाईन घेते. पडद्यावरच्या चित्रांचे काम प्रोटॉनचा दुसरा घटक करतो. मायक्रोसॉफ्टच्या डायरेक्टथ्रीडी या ग्राफिक्स-प्रणालीतल्या सूचना लिनक्सवर चालणाऱ्या 'व्हल्कन' प्रणालीत बदलणारे 'डीएक्सव्हीके' फिलिप रेबोले यांनी 'निअर: ऑटोमाटा' लिनक्सवर खेळता यावा म्हणून लिहायला घेतले. एका खेळाडूच्या या हौसेचा लाभ पुढे हजारो गेमना झाला.

फेब्रुवारी २०२२मध्ये लिनक्सवर चालणारे 'स्टीम डेक' हे हातात धरून खेळायचे यंत्र आले. त्याच आठवड्यात प्रसिद्ध झालेला 'एल्डन रिंग' विंडोजवर अडखळत होता. व्हॉल्व्हने प्रोटॉनमध्येच दुरुस्ती केली आणि डेकवरचे ते अडखळणे बरेच कमी झाले.

आता खरी अडचण आहे ती ऑनलाइन स्पर्धेच्या गेमची. चीटिंग पकडणारी 'इझी अँटी-चीट' आणि 'बॅटलआय' ही दोन्ही सॉफ्टवेअर २०२१पासून प्रोटॉनवर चालू शकतात, पण परवानगी द्यायची की नाही हे प्रत्येक गेम कंपनी ठरवते. 'फोर्टनाइट'ने ती दिलेली नाही. 'व्हॅलोरंट'ची 'व्हॅनगार्ड' ही यंत्रणा तर विंडोजच्या कर्नलमध्येच, म्हणजे अगदी गाभ्यात, बसते. 'एपेक्स लेजंड्स' डेकवर चालत होता. लिनक्सच्या खुलेपणाचा फायदा चीटर घेतात, असे सांगत ऑक्टोबर २०२४मध्ये लिनक्ससाठी त्याची दारे बंद करण्यात आली. सगळ्या लिनक्स खेळाडूंना एकाच मापाने मोजणारा हा निर्णय प्रामाणिकपणे खेळणाऱ्यांवर अन्याय करणारा आहे. मित्रांची टोळी रोज रात्री ज्या गेममध्ये जमते तोच चालत नसेल, तर विंडोज सोडणे कुणालाही जड जाते.

विंडोज १०चा मोफत सपोर्ट ऑक्टोबर २०२५मध्ये संपला. त्याच महिन्यात स्टीमच्या वापरकर्त्यांच्या पाहणीत लिनक्सचा वाटा प्रथमच ३ टक्क्यांवर गेला. नोव्हेंबरमध्ये व्हॉल्व्हने नवी 'स्टीम मशीन' जाहीर केली. या वेळी तिच्या जोडीला प्रोटॉन आहे. परवानगी रोखून धरणाऱ्या कंपन्यांना पुन्हा हिशेब मांडायला लावण्याइतका लिनक्सचा हा वाटा मात्र अजून मोठा नाही.