साथीचा कायदा आणि वाटसरू : इ. स. १८९७ व २०२०

मुंबईहून आग्र्यास जाणारा हमरस्ता आणि उत्तरेकडील लोहमार्ग हे दोन्ही नाशकावरून जातात. त्यामुळें मुंबईंत साथ उद्भवली कीं तेथून निघालेल्या माणसांचा लोंढा लवकरच आमच्या जिल्ह्यांत येतो. सप्टेंबर १८९६ मध्यें डॉ. व्हिएगस यांनीं मांडवींत ग्रंथिक ज्वराचा रोगी ओळखला. पुढील कांहीं महिन्यांत मुंबईचे जवळजवळ निम्मे रहिवासी शहर सोडून गेले. ४ फेब्रुवारी १८९७ रोजीं साथीच्या रोगांचा कायदा झाला तो या पळापळींत.

कलमें अवघीं चार. दुसऱ्यानें आगगाडीनें वा अन्य मार्गानें प्रवास करणारांस तपासण्याचा व संशयितांस वेगळें ठेवण्याचा अधिकार सरकारास दिला; चौथ्यानें सद्भावनेनें काम करणारांस दाव्यांपासून अभय दिलें. भरपाई द्यावयाची झाल्यास ती कोणीं द्यावी, हें ठरविणेंही सरकारकडेच. व्याकरण शिकविण्यांत आयुष्य गेलेल्यास हें चटकन् दिसतें कीं, या कायद्यांत प्रवासी सर्वत्र कर्म आहे, संप्रदान कोठेंच नाहीं. अडविलेल्यास अन्न, निवारा किंवा गांवीं पोंचण्याचें साधन मिळण्याचा हक्क त्यांत शोधूनही सांपडत नाहीं.

चरकानें विमानस्थानांत जनपदोद्ध्वंसाच्या प्रकरणीं वायु, उदक, देश व काल हीं चार दूषित होतात असें म्हटलें आहे. त्यांत वाटसरू नाहीं. इकडे तपासनीस काखा-जांघा चाचपीत असतां उंदीर व त्यांच्या पिसवा धान्याच्या गोणींबरोबर निर्वेध प्रवास करीत होत्या. पिसवांचा संबंध सिमाँ यांनीं १८९८ मध्यें दाखविला, पण तो सर्वमान्य होण्यास आणखी कांहीं वर्षें लागलीं. १८९९ मध्यें नाशकाजवळच्या भगुरास दामोदरपंत सावरकर प्लेगनें वारले.

२०२० ची गोष्ट निराळी. कोविड माणसापासून माणसास होतो. तेव्हां हालचालीस आळा घालण्यास वैद्यकाचा आधार होता, हें मान्य केलें पाहिजे. १३ मार्च रोजीं महाराष्ट्र सरकारनें तोच १८९७ चा कायदा लागू केला. २५ मार्चपासून २००५ च्या आपत्ति-व्यवस्थापन कायद्यान्वयें देशभर टाळेबंदी झाली. रोजगार बुडालेले उत्तरेकडील मजूर मुंबईहून पायींच निघाले. त्यांपैकीं पुष्कळांस नाशिक जिल्ह्यांत थांबवून निवारागृहांत ठेवण्यांत आलें. १९७९ च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्यांत प्रवासभत्ता व वैद्यकीय सोय होती खरी, परंतु ती ठेकेदारानें परराज्यांतून आणलेल्या मजुरांपुरती. आपल्या आपण पोट भरण्यास आलेला बिगारी त्यांत बसत नव्हता. १ मेच्या रात्रीं नाशिकरोडहून सुमारें साडेतीनशें मजुरांची खास गाडी भोपाळकडे सुटली. त्यासाठीं केंद्रीय गृहमंत्रालयाचा त्याच दिवशींचा आदेश लागला.